शुक्रवारी बंद करायचं राहिलं, सोमवारी कळलं! क्लाउडचा खर्च इतक्या उशिरा का दिसतो?

गंगापूररोडकर | सोम, १२ जाने., रात्री ९:४०

मंडळी, डोकं अजून जागेवर नाही, लिहिण्यात मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मिळून द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. घडाचा फोटो काढायचा, मण्यांची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. निर्यातीच्या मालात मणी लहान निघाला की माल बाजूला पडतो, त्यामुळे पॅकहाऊसवाल्यांना याचा उपयोग आहे. हंगाम तोंडावर आला म्हणून फोटोवरून जाडी ओळखणारं एआय मॉडेल नव्याने शिकवायला घेतलं. त्यासाठी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्याच्या संगणकांवर, चार जीपीयू (असल्या जड हिशेबाच्या चिपची) मशिनं भाड्याने घेतली. एका मशिनचा दर तासाला साधारण ३९० रुपये. शुक्रवारी संध्याकाळी सातला काम झालं. मी समजलो मित्राने बंद केली, मित्र समजला मी केली.

शनिवारी सकाळी अकराला मी खर्चाचं पान उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं! महिन्याचा खर्च ९,२०० रुपये. म्हटलं, झकास. आज सकाळी दहाला ऑफिसला आलो तर चारही मशिनं धडधडतायत. ६३ तास × ४ मशिनं × ३९० = ९८,२८० रुपये. आमचं एरवीचं महिन्याचं बिल २४-२५ हजारांच्या पुढे जात नाही.

शनिवारी अकराला १६ तास होऊन गेले होते, म्हणजे २५ हजार तिथेच झाले होते. मग पानावर का नव्हते? दहा रुपयांचा चहा घेतला तरी टपरीवरचा साउंडबॉक्स लगेच ओरडतो. आणि जगातले सगळ्यात मोठे संगणक ज्यांच्याकडे, त्यांना स्वतःचा हिशेब करायला दोन दिवस लागतात?

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. नाव घेऊन भांडायचं नाहीये, कारण समजून घ्यायचंय.

---

सहावा_पाव | रात्री ९:५२

आधी दोन घोट पाणी प्या. ९८ हजारांत किती मिसळी येतात याचा हिशेब मी करणार नाही, वचन.

---

भो_काय_म्हणतो | रात्री ९:५८

सरळ आहे भो. उशिरा दाखवलं की जास्त वाजतं. धंदा आहे तो.

---

तळटीप | रात्री १०:३५

भो, इतकं सरळ नाहीये. बाकी कुणाचा मुद्दा असला तरी हे वाचून मांडा, नाहीतर सगळा धागा शिव्यांत जाईल.

मशिन चालू आहे ही गोष्ट क्लाउडवाल्याला त्याच सेकंदाला माहीत असते. ती वापराची नोंद झाली. त्या नोंदीचा रुपया व्हायला मध्ये बरंच काही लागतं. प्रत्येक सेवा आपापली मोजणी करून पुढे पाठवते: कुणी तासात, कुणी जीबीत, कुणी विनंत्यांच्या संख्येत. काही नोंदी उशिरा येतात, काही दोनदा येतात, त्या गाळाव्या लागतात. मग दर लावायचा. आणि दर एकच नसतो. वापर एका पातळीपुढे गेला की स्वस्त होतो. फुकटचा कोटा आधी वजा करायचा. कुणी वर्षाचा करार करून सवलत घेतलेली असते. ती सवलत तासातासाला लागते, आणि एका कंपनीची दहा खाती असतील तर त्या तासाला कोणत्या खात्याच्या कोणत्या मशिनला ती द्यायची हे सगळ्यांचा वापर गोळा झाल्याशिवाय ठरत नाही. त्यावर क्रेडिट, परतावे, कर.

म्हणून तिन्ही मोठ्यांनी स्वतःच्या कागदपत्रांत हे लिहून ठेवलंय. एडब्ल्यूएसचा, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडचा, कॉस्ट एक्सप्लोरर (खर्चाचं पान) २४ तासांत किमान एकदा ताजा होतो. त्यांच्या बजेटची (आपण लावलेल्या खर्चाच्या मर्यादेची) माहिती दिवसातून जास्तीत जास्त तीनदा बदलते, दोन बदलांमध्ये साधारण ८ ते १२ तास. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरमध्ये वापराचे आकडे यायला ८ ते २४ तास धरा, आणि बजेट २४ तासांतून एकदा तपासलं जातं. गूगल क्लाउड तर स्पष्टच सांगतं की बजेट लावलं म्हणजे खर्चाला टोपी बसली असं नाही, ती फक्त सूचना.

धागाकर्त्याने शनिवारी अकराला जो आकडा पाहिला तो बहुधा शुक्रवार दुपारचा होता. पान खोटं बोलत नव्हतं, शिळं होतं.

---

गंगापूररोडकर | रात्री १०:४४

मग त्या पानावर ठळक अक्षरांत "शिळं आहे" असं लिहायला काय जातं?

---

तळटीप | रात्री १०:४७

लिहिलेलं असतं. बारीक अक्षरांत. माझ्या आयडीचं नाव उगाच नाही.

---

जुना_ऑपरेटर | रात्री ११:२०

मी अठरा वर्षं टेलिकॉमच्या बिलिंगमध्ये काढली, आता निवृत्त होऊन इंदिरानगरला झाडांना पाणी घालतो. तळटीप यांचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच.

प्रीपेड मोबाईल आठवा. बॅलन्स संपला की फोन तिथेच कटतो. तिथे नेटवर्क तुम्हाला आधी एक छोटा कोटा देतं, तेवढे पैसे अडवून ठेवतं, कोटा संपला की पुन्हा विचारतं. म्हणजे आधी पैसे, मग सेवा. करोडो ग्राहक, तरी हे जमतं. पोस्टपेडमध्ये उलटं: सेवा आधी, नोंदी मागाहून, बिल महिनाअखेर. क्लाउड हे पोस्टपेड आहे. उशीर हा तिथे बिघाड नाही, तशी रचनाच आहे.

आता गंमत ऐका. पोस्टपेडमध्ये सगळ्यात मोठी डोकेदुखी रोमिंगची. इथलं सिम घेऊन माणूस परदेशात गेला, तिथल्या नेटवर्कवरून बोलला, त्या नोंदी आमच्याकडे यायला वेळ लागायचा. जास्त वापराचा अहवाल पाठवायला परक्या नेटवर्कला ३६ तासांची मुभा होती. लबाड लोक या ३६ तासांतच हात धुऊन घ्यायचे. चोरीची सिमं, रात्रभर महागड्या नंबरांवर फोन. मग जीएसएमएने, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, नियम आणला की रोमिंगच्या नोंदी ४ तासांत पोचल्या पाहिजेत. आणि नाही पोचल्या, तर त्या कॉल्सचा तोटा उशीर करणाऱ्या नेटवर्कच्या डोक्यावर.

चार तासांत नोंदी येऊ लागल्या. जे आधी "तांत्रिकदृष्ट्या अवघड" होतं ते झालं.

क्लाउडमध्ये उशिराचा तोटा कुणाच्या खिशातून जातो? गंगापूररोडकरांच्या. मग घाई कुणाला असणार?

---

भो_काय_म्हणतो | रात्री ११:२३

काका, मी एका ओळीत हेच म्हणालो होतो.

---

जुना_ऑपरेटर | रात्री ११:२९

नाही. तुम्ही म्हणालात मुद्दाम करतात. मी म्हणतोय की न करण्याने त्यांचं काही बिघडत नाही. दोन्हींत फरक आहे.

---

तळटीप | रात्री ११:४१

रोमिंगचा मुद्दा मान्य, टोपी काढली. एकच जोड: फोनच्या नोंदीत सेकंद, एमबी, नंबर एवढंच. इथे शेकडो सेवा आणि प्रत्येकीचं माप वेगळं. पण हो, अंदाजे आकडा तासाभरात दाखवता येणार नाही असं मीही म्हणणार नाही.

---

शून्य_प्रहर | मंगळ, १३ जाने., सकाळी ७:०५

धागाकर्ते, एक विचारू? खर्चाची सूचना लावली होती की नाही? ८० टक्क्यांवर मेल वगैरे?

---

गंगापूररोडकर | सकाळी ८:१२

लावली होती. मर्यादा २५ हजार, ८० टक्क्यांवर मेल, म्हणजे २० हजारांवर.

मेल आला होता. शनिवारी रात्री ९:१५ ला. ऑफिसच्या मेलवर. मी काल सकाळी पाहिला.

(रविवारी चुलत बहिणीचा साखरपुडा होता, सिन्नरला. आता बोला.)

---

शून्य_प्रहर | सकाळी ८:४०

बोलत नाही, मोजतो.

चार मशिनांचे तासाला १,५६०. शुक्रवारी सातला ९,२०० होते असं धरू. २० हजार ओलांडायला सात तास, म्हणजे शनिवारी पहाटे दोन. तोवरचे १०,९२० कुणीच वाचवू शकलं नसतं, तुमची मर्यादाच तशी होती.

पहाटे दोन ते रात्री सव्वानऊ : १९ तास १५ मिनिटं. ३०,०३० रुपये. हा त्यांचा उशीर.

शनिवार रात्री सव्वानऊ ते सोमवार सकाळी दहा : ३६ तास ४५ मिनिटं. ५७,३३० रुपये. हा साखरपुडा.

बेरीज ९८,२८०. पडताळून घ्या.

---

सहावा_पाव | सकाळी ८:४३

आमच्या नात्यात इतका महाग साखरपुडा अजून झालेला नाही.

---

कसारा_लोकल | सकाळी ८:५५

शून्य_प्रहर, दंडवत घ्या. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये वाचून मोठ्याने हसलो, समोरच्या आजी घाबरल्या.

---

गंगापूररोडकर | सकाळी ९:३०

हा हिशेब मी घरी कुणालाही दाखवणार नाहीये. पण पटला. मी सगळे ९८ त्यांच्या नावावर टाकत होतो.

---

निफाडची_थंडी | सकाळी ११:१०

मी शेतकरी माणूस, संगणकातलं फार कळत नाही. मुलगा पुण्याला तेच काम करतो, त्याने धाग्याची लिंक पाठवली. इथे सकाळी बागेत शेकोट्या पेटवून आत्ता घरात आलोय, बोटं अजून वळत नाहीत, चुका माफ.

तुम्ही लोक बिलाकडं का बघता तेच मला कळंना. विहिरीवरची मोटार रात्री चालू राहिली तर मी काय महावितरणच्या बिलाची वाट बघत बसतो का? बिल बघून मोटार बंद करायची म्हटली तर विहीर कोरडी, मोटार जळालेली आणि बागेत चिखल. मी विहिरीतलं पाणी बघतो. टाकीच्या पाइपाला पाणी येतंय का बघतो. आता तर फोनवर मेसेज येतो मोटार चालू झाली, बंद झाली. पाणी संपलं की आपोआप बंद. किती रुपये झाले ते कुणी विचारत पण नाही. आणि साडेसात एचपीपर्यंत बिल माफ झाल्यापासून तर बिल हा विषयच नाही, तरी मोटार बंद करायला पळतोच ना आम्ही.

तुमचं मशिन चालू आहे हे कंपनीला लगेच कळतं असं वर लिहिलंय. मग ते तुम्हाला पण लगेच कळत असंल. तेच बघा.

आणि त्या कच्च्या पक्क्या आकड्याचं म्हणाल तर आम्हाला त्याचं नवल नाही. कांद्याच्या लिलावात ट्रॉलीपुढं एक भाव पुकारतात, खळ्यावर माल ओतला की म्हणतात वरचा बरा होता, खालचा असाच आहे, शंभर कमी करा. पट्टी हातात पडंपर्यंत आकडा खरा धरायचा नसतो.

---

तळटीप | सकाळी ११:२६

या धाग्यातला सगळ्यात तांत्रिक प्रतिसाद हाच आहे. गंमत नाही करत.

रुपयाचा आकडा उशिरा येतो, पण वापराची मापं मिनिटामिनिटाला येतात. किती मशिनं चालू, प्रोसेसर किती टक्के कामात, किती जीबी बाहेर गेलं, फंक्शन किती वेळा चाललं. सूचना तिथे लावायची. दर तुम्हाला माहीत आहे, गुणाकार तुम्हीच करा. "संध्याकाळी आठनंतर एकही जीपीयू मशिन चालू दिसलं तर फोन कर" एवढा एक नियम असता तर शुक्रवारी आठला काम फत्ते होतं, १,५६० रुपयांत.

शिवाय प्रोसेसर अर्धा तास रिकामा बसला की मशिनने स्वतःच बंद व्हायचं, हे विहिरीच्या ऑटोसारखंच. आणि कोटा. एका वेळी चारपेक्षा जास्त जीपीयू घेताच येणार नाहीत अशी मर्यादा खात्यावर ठेवता येते. बजेटवाली टोपी उशिरा बसते, कोट्याची टोपी आधीच बसलेली असते.

---

निफाडची_थंडी | दुपारी १२:०२

मुलगा म्हणतोय हेच तो मला दिवाळीत सांगत होता. मला काय आठवत नाही.

---

मिनिटागणिक | दुपारी १२:३०

माझा गाढवपणा सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. असाच एकदा पोळलो होतो, म्हणून स्क्रिप्ट लिहिली: दर मिनिटाला खर्चाचा एपीआय (प्रोग्रामने आकडा मागायची खिडकी) विचार आणि आकडा ग्रुपवर टाक. त्या एपीआयला प्रत्येक विनंतीमागे एक सेंट लागतो हे वाचलंच नव्हतं. दिवसाच्या १,४४० विनंत्या, १४ डॉलर ४० सेंट. महिनाभर चालली. ४३२ डॉलर.

आणि ज्या आकड्याला मी मिनिटामिनिटाला विचारत होतो तो दिवसातून दोन-तीनदाच बदलत होता.

---

सहावा_पाव | दुपारी १२:३३

वेटरला दर मिनिटाला "बिल किती झालं" विचारायचं आणि प्रत्येक वेळी त्याला टिप द्यायची.

---

भो_काय_म्हणतो | दुपारी १२:४१

म्हणून म्हणतो, स्वतःचा सर्व्हर घ्या. अंबडला गाळा घ्या, मशिन ठेवा, एकदाच काय तो खर्च. ना डॉलर ना उशीर.

---

कसारा_लोकल | दुपारी १२:५०

ठेवला होता. सातपूरला. पहिल्याच मे महिन्यात एसी बंद पडला, मशिन तापून गप्प. मग जनरेटर, मग जनरेटरचं डिझेल, मग डिझेल चोरणारा वॉचमन. महिनाअखेरीला माझाही हिशेब उशिराच लागायचा.

---

हिशेबनीस | दुपारी ३:१५

मी सीए आहे, कॉलेज रोडला माझं ऑफिस. माझ्याकडे असे पाच-सहा छोटे सॉफ्टवेअरवाले अशील आहेत, त्यामुळे हा उशीर मला वेगळ्या बाजूने दिसतो.

महिना संपला म्हणजे क्लाउडचा महिना संपला असं होत नाही. ॲझ्युअरच्या साध्या खात्यात महिना संपल्यावर ७२ तासांपर्यंत आकडे बदलू शकतात. एडब्ल्यूएसच्या सविस्तर अहवालात बिल पक्कं होईपर्यंत इन्व्हॉइस क्रमांकाचा रकाना रिकामा असतो. ऑफिसातल्या मुलांना मी हेच शिकवते, रकाना रिकामा दिसला की आकडा पेन्सिलीने लिहायचा. त्यावर डॉलरचा दर बिलाच्या वेळचा, आणि १८ टक्के जीएसटी. गंगापूररोडकर, तुमच्या ९८ हजारांत जीएसटी धरलेला नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. त्या कराचं क्रेडिट मिळेल, पण बिल तुमच्या जीएसटी क्रमांकावर निघालं असेल तर. आणि जानेवारीच्या वापराचं बिल फेब्रुवारीत निघालं तर ते तुमच्या जीएसटीच्या २बी मध्ये (कराच्या क्रेडिटचं पत्रक) मार्चच्या १४ तारखेला दिसेल. तोवर खेळतं भांडवल अडकलं समजा.

दुसरी गंमत साडेपाच तासांची. एडब्ल्यूएस आणि ॲझ्युअरचे हिशेब यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. तिथला दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. एका अशिलाचं मोठं काम दर महिन्याच्या एक तारखेला रात्री दोनला चालायचं. आपल्या घड्याळात १ एप्रिल, त्यांच्या घड्याळात अजून ३१ मार्च. म्हणजे आपल्या दृष्टीने नव्या वर्षाचा खर्च, बिलात मात्र जुन्या वर्षात. रक्कम मोठी नव्हती, पण ऑडिटच्या वेळी दोन दिवस गेले. शेवटी काम सकाळी सहाला हलवलं.

---

गंगापूररोडकर | दुपारी ३:२२

मॅडम, जीएसटीचं आत्ताच सांगायला हवं होतं का?

---

हिशेबनीस | दुपारी ३:२५

नंतर सांगितलं असतं तर म्हणाला असता उशिरा कळवलं.

---

कसारा_लोकल | संध्या. ५:४०

अवांतर: टोलचे पैसे कापल्याचा मेसेज मला एकदा कसारा घाट उतरल्यावर आला होता, तोही दोनदा. दुसरा परत यायला नऊ दिवस. तेव्हापासून मी ट्रेननेच जातो, आयडी त्यावरूनच.

---

रिकामा_बकेट | संध्या. ६:१८

२०२४ सालचा एक किस्सा बऱ्याच जणांनी वाचला असेल. एका परदेशी डेव्हलपरने एडब्ल्यूएसवर रिकामं स्टोरेज बकेट (फाइली ठेवायची जागा) उघडलं. दोन दिवसांनी बिलाचं पान पाहिलं तर १,३०० डॉलरच्या वर. कारण काय, तर एका प्रसिद्ध मोफत साधनाच्या मूळ सेटिंगमध्ये योगायोगाने त्याच बकेटचं नाव होतं. जगभरातून त्यावर कोट्यवधी विनंत्या येत होत्या. परवानगी नाही म्हणून सगळ्या नाकारल्या जात होत्या, पण नाकारलेल्या विनंतीचेही पैसे लागत होते. इतका गदारोळ झाला की त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने नियम बदलला: अशा बाहेरून आलेल्या, नाकारलेल्या विनंत्यांचे पैसे बकेटच्या मालकाला लागणार नाहीत.

जुना_ऑपरेटर म्हणतात तसं, बोंब झाली की होतं सगळं.

---

शून्य_प्रहर | संध्या. ६:३०

बोंब मारायला १,३०० डॉलर आणि इंग्रजी ब्लॉग लागतो. आपल्या धाग्याला कोण विचारतो.

---

ओली_भेळ | रात्री ८:०५

प्रश्न: मशिनला टॅग (नावाची चिठ्ठी) लावून कोणत्या ग्राहकामागे किती खर्च झाला ते बघता येतं ना? आम्ही परवा लावले, अहवालात काहीच दिसत नाही.

---

तळटीप | रात्री ८:२०

तिथेही उशीरच आहे. एडब्ल्यूएसमध्ये टॅग लावला की यादीत दिसायला २४ तास लागू शकतात, मग तो हिशेबासाठी चालू करायचा, त्याला आणखी २४ तासांपर्यंत. नुसता लावून उपयोग नाही, चालू करा. जुन्या महिन्यांचे आकडे हवे असतील तर मागचे १२ महिने भरून मागायची सोय २०२४ पासून आहे. पण ज्या दिवसांत मशिनवर टॅगच नव्हता, ते दिवस काही त्यातून उगवत नाहीत.

---

ओली_भेळ | रात्री ८:२२

चालू करायचं असतं?!

---

सहावा_पाव | रात्री ८:३१

धाग्याचं नाव बदला. "चालू करायला विसरलेले आणि बंद करायला विसरलेले."

---

जुना_ऑपरेटर | रात्री ९:१०

गंगापूररोडकर, एक काम करा. सपोर्टला पत्र लिहा. रागाने नाही. कधी सुरू केलं, कधी बंद केलं, सूचना किती वाजता आली, पुढे काय बंदोबस्त केला, एवढंच. तिकडे बसलेला माणूस रोज शिव्या खातो. ज्याच्या पत्रात वेळा नीट लिहिलेल्या असतात त्याचं काम तो आधी करतो, कारण त्याचे कष्ट वाचतात. मी त्या खुर्चीत बसलोय. आणि साखरपुड्याचं लिहू नका.

---

गंगापूररोडकर | बुध, ४ फेब्रु., सकाळी १०:५०

धागा वर काढतोय, शेवट काय झाला ते सांगायचं राहिलं होतं.

बिल आज पक्कं झालं. त्या चार मशिनांची ओळ ९८,९१२ रुपये. माझा अंदाज ९८,२८० होता, फरक डॉलरच्या दराचा. त्यावर जीएसटी १७,८०४. हिशेबनीस मॅडमना नमस्कार.

जुना_ऑपरेटर काकांनी सांगितलं तसंच पत्र लिहिलं. शून्य_प्रहर यांचा तक्ता तारीख-वेळेसकट जोडला, फक्त तिसऱ्या ओळीचं नाव बदललं. नऊ दिवसांनी उत्तर आलं. चूक आमचीच म्हणाले, पण पहिलीच वेळ म्हणून ४० टक्के क्रेडिट देतो. ते पुढच्या बिलात दिसेल म्हणे. तेही उशिरा!

बंदोबस्त निफाडच्या काकांच्या विहिरीचा केला. खर्चाचं पान आता आठवड्यातून एकदाच बघतो. दर पाच मिनिटांनी फक्त चालू मशिनं मोजली जातात, एकही जीपीयू रिकामा फिरताना दिसला की आम्हा तिघांच्या फोनवर कॉल जातो, मेल नाही. शिवाय काही झालं तरी रात्री आठला सगळी मशिनं आपोआप बंद, असा टायमर.

काल त्याची पहिली चाचणी घेतली. मुद्दाम एक मशिन चालू ठेवून, कॉल बंद करून घरी गेलो. आठ वाजले, चालूच. नऊ, चालूच. म्हटलं बघू तरी कधी बंद होतं, हातच लावला नाही. रात्री दीडला बंद झालं.

२,१४५ रुपये. कुणी हसू नये.

---

हिशेबनीस | सकाळी १०:५४

साडेपाच तास!

---

निफाडची_थंडी | सकाळी ११:३०

आमच्याकडं रात्रीची लाइट पण दीडलाच जाते. बरोबर आहे टायमर.